कलम नऊमधली दोन वर्षं

१६ जून

आज समितीत पाण्याचा ग्लास आपटला. फुटला नाही. फुटायला हवा होता!

कारखान्यांतल्या धुळीने होणाऱ्या आजारांचं विधेयक आमच्या समितीपुढे छाननीला आलंय. वरवर सगळं कसं छान – कामगाराला कारखान्याच्या खर्चाने आयुष्यभर उपचार, ऑक्सिजनचा सिलेंडर घरपोच, वगैरे वगैरे. आणि कलम नऊमध्ये हळूच पाचर मारून ठेवलेली – अर्ज नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा. दोन वर्षं! फुप्फुसात बसलेली धूळ दहा-बारा वर्षांनी डोकं वर काढते. छातीच्या डॉक्टरांनी समितीपुढे येऊन एक्सरे लावून सांगितलं हे. म्हणजे मुदत असेल तेव्हा माणूस ठणठणीत, आणि माणूस आडवा होईल तेव्हा मुदत संपलेली. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालंय हे?

समितीप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ कळते हो आम्हाला." तळमळ कळते म्हणे! या माणसाचं नाव मी साखरतोंड्या ठेवलंय. कशालाच नाही म्हणत नाही आणि काहीच करत नाही. "नोंद घेतली" म्हणतो आणि चहा मागवतो.

समोर सरकार पक्षाचे सगळे माना डोलवायला बसवलेले. त्यांच्यातले ते मास्तर – राजकारणात यायच्या आधी खरोखरचे शाळामास्तर होते – सबंध वेळ पेन्सिलीला टोक काढत होते. मी एवढी घसा फोडून बोलतेय आणि हा माणूस टोक काढतोय!

१७ जून

घसा बसला. नवरा म्हणतो, "घरात किती शांत वाटतंय."

२१ जून, रविवार

ताईकडे जाऊन आले.

भावोजी फरश्यांच्या कारखान्यात कापायच्या यंत्रावर होते. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली. तेव्हा चांगले धडधाकट होते. मला सायकल यांनीच शिकवली – मी पेडल मारतेय आणि हे सीट धरून मागून धावताहेत, अख्खी गल्ली पालथी घातली होती आम्ही. आज पलंगावरून दारापर्यंत आले माझ्यासाठी, आणि मधल्या स्टुलावर बसले. मग हसले. "स्टेशन घेतलं," म्हणाले.

पलंगाशेजारी सिलेंडर, समोर टीव्ही. टीव्हीवर दिवसभर सभागृहाचं कामकाज. कोण कुठे बसतो, कोण डुलक्या घेतो, सगळं तोंडपाठ. मला बघताच तक्रार – "तू बोलत असतेस आणि कॅमेरा मंत्र्याच्या चष्म्यावर!" मी सांगितलं, मुद्दाम करतात. आम्ही नुसते उठून उभे राहिलो की कॅमेरा अध्यक्षांच्या तोंडावर नेतात. कॅमेरावालाही सरकारचाच माणूस. भावोजी म्हणाले, "हलकट मेला!" एवढं म्हणायलाही त्यांना दम लागला.

कारखान्यातले जुने सोबती येऊन बसतात त्यांच्याकडे. त्यांतले निम्मे खोकतात. सगळे माझ्याकडे बघत होते. भावोजींनी विचारलं, "ती दोन वर्षं निघतील ना गं?"

मी म्हटलं, काढल्याशिवाय गप्प बसणार नाही.

ताई फाटकापर्यंत आली. "खोटी आशा लावू नकोस हं त्यांना," म्हणाली. "हल्ली त्या टीव्हीच्या जिवावर उठून बसतात ते." मी ताईवरही चिडले. खोटी कशाने? मी काय झोपा काढतेय तिथे?

२६ जून

समितीची कारखान्याला भेट. फार्स नुसता! फरश्या काय, भिंतीही पुसून काढलेल्या. कामगारांच्या तोंडावर नवे कोरे मास्क, एकाच्या मास्कला लेबल तसंच लटकतंय. मी ते लेबल धरून साखरतोंड्याला दाखवलं. म्हणाला, "स्वच्छता ठेवलीय, कौतुक करायला हवं." तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते आठवत नाही, मॅनेजर मात्र भिंतीला चिकटला होता.

मास्तरांनी खिडकीच्या वरच्या चौकटीवर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि रुमाल काढून पुसलं. एवढाच काय तो त्यांचा अभ्यास.

२ जुलै

समितीत मतदान. आम्ही हरलो. मास्तरांनीही पक्षाबरोबर हात वर केला. मी माझं वेगळं मत लिहून दिलं, ते अहवालाच्या शेवटी जोडतील आणि कुणी वाचणार नाही.

आता सभागृहात माझी दुरुस्ती. एका ओळीची आहे – कलम नऊमधली दोन वर्षांची अट वगळावी. शाळकरी पोरालाही कळेल. विधेयक ९ तारखेला, गुरुवारी येणार.

५ जुलै

नवऱ्याशी भांडण. कारण क्षुल्लक, लिहिण्याजोगं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आले तर ह्या माणसाने मजेत टीव्हीचं चॅनेल बदललेलं, पाय वर घेतलेले, माझ्या वाटची बिस्किटंही संपवलेली.

म्हणाला, "तुझा सभात्याग मला फार सोयीचा पडतो."

हसू आलं होतं. दाबलं.

८ जुलै

लिफ्टपाशी मास्तरांनी गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, उद्या काहीही होवो, जागा सोडू नका."

मला! मला जागेवर बसायला सांगतात! म्हणजे उद्या हे काहीतरी घाण करणार, आम्ही बाहेर पडू याची यांना खात्री आहे, आणि मी एकटी आत राहिले की उद्याच्या बातम्यांत – विरोधकांत फूट! वा रे मास्तर! पेन्सिलीला टोक काढता काढता हे शिजत होतं तर. मी म्हटलं, "शाळेत पोरांना सांगायचात तसं मला सांगू नका." लिफ्ट आली, मी जिन्याने गेले.

आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब आमच्या पक्षाचे सभागृहातले नेते, अशा गोष्टींत मुरलेले. "फोडाफोडी, दुसरं काय," म्हणाले. "लक्ष देऊ नकोस."

ताईला फोन केला. उद्या दुपारनंतर कलमं येतील, टीव्ही लावा. मागून भावोजींचा आवाज – "सगळ्यांना बोलावलंय म्हणावं!"

९ जुलै, गुरुवार

घसा पुन्हा बसलाय. लिहिते तरी.

साहेब बोलत होते. मुद्दा ऐन रंगात आलेला, मंत्री घाम पुसताहेत, आणि माइक बंद! वेळ संपली म्हणे. त्यांचा तो तिसऱ्या रांगेतला आडदांड अर्धा तास बरळत होता तेव्हा वेळ कुठे गेली होती? साहेबांचे ओठ हलताहेत, आवाज नाही. समोरून हशा. हशा! डॉक्टरांच्या एक्सरेवर बोलत होते साहेब, आणि हे हसले.

माझं डोकंच फिरलं. आधी मी उठले. साहेब अजून बसलेले होते! मी कागद भिरकावले, ओरडले, "चला! या बाजारात बसायचं कशाला?" आणि निघाले. मागे वळून पाहिलं तर अख्खी आमची बाजू माझ्या मागून येतेय, शेवटी साहेब. एकही माणूस आत उरला नाही. मी काढलं त्यांना बाहेर, मी!

पायऱ्यांवर तासभर घोषणा. सगळे कॅमेरे आमच्यावर, एकदाचे! साहेबांनी पाठीवर थाप मारली – "आज तू मैदान मारलंस."

परत सभागृहाच्या दारातून आत पाऊल टाकताना एकदा मनात आलं, कलम नऊ. दुरुस्ती मांडणारा जागेवर नसला तर दुरुस्ती मांडलीच गेली नाही असं धरतात. मला काय हे माहीत नाही? पण ती तशीही पडणारच होती. समितीत पाडली, इथे आणखी एकदा पाडली असती, बाकं वाजवून. आत बसून हरण्यापेक्षा बाहेर उभं राहून ओरडलेलं काय वाईट? आम्ही परत गेलो तेव्हा विधेयक मंजूर होऊन पुढचा विषय चालू होता.

भावोजींना उद्या फोन करते. समजावून सांगितलं की कळेल त्यांना. त्यांचा स्वभावही माझ्यासारखाच आहे.

१० जुलै

सकाळी पक्षाच्या ग्रुपवर माझा फोटो. मूठ वर, तोंड उघडं, खाली लिहिलंय – वाघीण! सगळ्यांचे अंगठे. खोटं कशाला बोलू, दोनदा उघडून पाहिला.

मग जिन्यात मास्तर भेटले. आज ते लिफ्टने गेले नाहीत, माझ्यासाठी थांबले होते. मी तोंड फिरवलं.

"का उठलात हो?"

मी सुरूच झाले. माइक बंद करता, वर हसता, आणि आम्ही काय –

"मंत्री तुमची दुरुस्ती मान्य करणार होते."

मी पुढची दोन-तीन वाक्यं बोलून गेले असेन. मग थांबले.

ते हळूहळू सांगत होते. त्या खिडकीवरची धूळ बघून आल्यापासून मंत्र्यांच्या मागे लागले होते. मंत्री म्हणत, सरकारने आपणहून अट काढली तर कारखानदार अंगावर येतील. मास्तर म्हणाले, मग बाईंची दुरुस्ती मान्य करा. विरोधक हटूनच बसले, काय करणार, असं म्हणता येईल. बुधवारी सकाळी मंत्री हो म्हणाले. "तुम्हाला उघड सांगितलं असतं तर तुम्ही साहेबांना सांगितलं असतंत. साहेबांनी बाहेर जाऊन आधीच विजय जाहीर केला असता. मग मंत्री मागे फिरले असते. म्हणून तेवढंच म्हटलं."

साहेबांना मी सांगितलंच होतं, तेवढंही.

"अध्यक्षांनी तुमचं नाव पुकारलं," मास्तर म्हणाले. "दोनदा. मी दाराकडे बघत होतो. मग ते भरभर पुढे गेले."

मी विचारलं, आता? आता काय करता येईल? त्यांनी मान हलवली. मंत्री म्हणालेत, एकदा हात पुढे केला होता, पुन्हा नाही.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. खूप ओरडायचं होतं. कुणावर ओरडू? साखरतोंड्यावर? साहेबांवर? साहेब तर बसलेले होते. मी उठले. महिनाभर ज्या एका ओळीसाठी जिवाचं रान केलं, ती ओळ माझं नाव घेऊन मला बोलावत होती आणि मी पायऱ्यांवर मूठ वर करून फोटो काढून घेत होते.

ताईचे तीन फोन आले. उचलले नाहीत.

११ जुलै

चौथा उचलला. ताई नव्हती, भावोजीच होते. "अगं, फोन का घेत नाहीस? जिंकलीस ना! आम्ही सगळे होतो इथे. आधी केवढा गोंधळ – मग तुझं नाव घेतलं, दोनदा! मग सगळे होय, होय, होय! मंजूर! बाकं काय वाजवली! आम्ही इथे टाळ्या!" मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत होते. सोमवारी सगळे मिळून कचेरीत अर्ज द्यायला जाणार आहेत. रिक्षा ठरवली आहे, सिलेंडरही बसतो म्हणे तिच्यात.

"पण तो कॅमेरावाला! एवढं तुझं नाव घेतलं, तरी एकदाही तुला दाखवलं नाही मेल्याने. मी सांगितलं सगळ्यांना, सरकारचा माणूस आहे. मुद्दाम करतो ना गं?"

मी हो म्हटलं.