पलीकडच्या खोलीतलं जेवण

३ मार्च
चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

अर्धांगाच्या झटक्यातून हात वाचला म्हणून लिहितोय. जीभ अजून संपावर. बोलणं दारुड्यासारखं, चैन मात्र काडीची नाही.

पाणीसुद्धा पावडर घालून खळीसारखं घट्ट करून देतात, पातळ पाणी श्वासनलिकेत जाईल म्हणून. ठसका लागतो म्हणून जेवणही मागच्या खोलीत, एकट्याला. थेरपीच्या बाईंचं तसं फर्मान आहे, असं आपल्या धाकट्या भावाने सांगितलं. मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप मी या कानांवर उभं केलं. गेलेलं बेअरिंग रस्त्यावरून ओळखायचो. आता भिंतीपलीकडे कोण रुसून उठलं ते ओळखतो.

काल बाईंनी मानेवर बोटं ठेवून गिळणं तपासलं आणि सहज विचारलं, सगळ्यांबरोबर जेवताना ठसका कमी लागतो ना? मी पाटीवर लिहिलं, कोणाबरोबर? बाईंचा चेहराच उतरला. साधं पाणी, मऊ जेवण, हनुवटी झुकवून, सगळ्यांसोबत टेबलाशी, ही परवानगी त्यांनी हिवाळ्यातच दिली होती. चारचौघांत बसलं तर जीभही सुटेल, असं म्हणाल्या होत्या. धाकट्याने मला कळूच दिलं नाही.

एकुलती बहीण तू, माझं म्हणावं असं माणूसही तूच. ये आणि त्याला फैलावर घे. माझ्याने ओरडवत नाही.

आजवर केलास तसाच लोभ पुढेही कर.
दादा

९ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर माझ्यापेक्षा सुबक आलंय. इकडे सगळे खुशाल. ह्यांचा गुडघा कुरकुरतोय. तू ऐकला असतास तर बेअरिंग बदला म्हणाला असतास.

धाकट्यावर फार रागावू नकोस. त्याच्या लेकीच्या सासरचे जेवायला येतात. तुला ठसका लागला की तोंडातलं बाहेर येतं, लोकांचा घास हातातच राहतो. थोडे दिवस जाऊ देत, एवढंच त्याचं म्हणणं. आता दादांना टेबलाशी खुर्ची द्या, असं बाई हसत म्हणाल्या तेव्हा बिचारा कानापर्यंत लाल झाला. हेतू वाईट नव्हता रे. मी आले की मिटवते.

जिवाला जप, आमच्यावर माया असू दे.
तुझी छबू

१६ मार्च
चि. छबूस,
आशीर्वाद.

बाई हसल्या आणि तो लाल झाला, हे तुला कसं दिसलं? धाकटा काही स्वतःचे कान लाल झाल्याचं सांगत फिरणार नाही. तू तिथे उभी होतीस. हिवाळ्यात आठवडाभर राहायला आली होतीस, तेव्हाची ही गोष्ट. त्या आठवड्यात माझ्या पाण्यात पावडर तूच ढवळायचीस, गुठळी राहू नये म्हणून जपून. मी तो पेला तुझ्या हातचा म्हणून संपवायचो.

काल दुपारी व्याही आले, तेव्हा मीच टेबलाशी जाऊन बसलो. हनुवटी झुकवून साधं पाणी प्यालो. ठसका लागला, सगळ्यांनी ऐकला. मग एकेक अक्षर सुटं करत व्याह्यांना म्हणालो, मी मुलीचा मोठा काका. व्याह्यांनी पटकन हात जोडले. म्हणाले, माफ करा, तुम्हाला बोललेलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मी विचारलं, धाकट्याने सांगितलं?

नाही म्हणाले. तुमच्या बहिणीने.

मिटवायला येऊ नकोस. खाली लोभाचं लिहायला आज हात वळत नाही.
दादा