बुकित पंजांगचा जमीनदार

ती. दाजी यांस,
यादवचा सविनय जयभीम.

तुमची कंबर कशी आहे? हिराअक्काच्या डोळ्याला आता दिसतं का? (ऑपरेशन नीट झालं असं ती म्हणाली, पण ती मला सगळंच नीट झालं म्हणून सांगते, म्हणून तुम्हाला विचारतो.) इकडे माझे गुडघे, पोट आणि रक्तदाब आपापल्या जागी आहेत. बाकी माझं काहीच जागेवर नाही. पत्र लिहायचं कारण असं की फोन केला की अक्का स्पीकर लावते आणि गोठ्यापर्यंत ऐकू जातं. शेजारचा अंकुर उद्या पुण्याला निघालाय, तो तिथून कुरियर करील. अक्काच्या हाती पडू देऊ नका.

थोडक्यात सांगायचं तर (थोडक्यात मला कधी जमलं नाही, सातवीत मास्तरांनी सांगून पाहिलं, शेवटी मी शाळाच सोडली) पुढच्या रविवारी माझा वाफा राहतो की जातो हे ठरणार आहे. वाफा म्हणजे इथे बुकित पंजांगला आमच्या इमारतीखालच्या सामायिक बागेतली खाटेएवढी माती. हसू नका. रत्नदीप आणि सूनबाई अंजली सकाळीच ऑफिसला जातात, नात शाळेत जाते, मग बाराव्या मजल्यावर मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून गुरगुरतो. खाली वाफ्यावर गेलं की कुणीतरी विचारतं, "अंकल, ही कसली भाजी?" मी म्हणतो, "अंबाडी." त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं कळत नाही, आणि दिवस बरा जातो. वाफा गेला तर रोज संध्याकाळपर्यंत पोचायचं कसं?

सगळ्याचं मूळ हालीना बाई. पोलंड देशाची आहे, सहाव्या मजल्यावर राहते, वांगी लावते, मनानं चांगली आहे (चांगल्या माणसांचीच मला जास्त भीती वाटते). तिच्या खापरपणजोबांच्या काळात तिकडच्या बड्या जमीनदारांनी सुधारित शेतीसाठी एक मंडळ काढलं होतं. वॉर्सा शहरात सभा भरायच्या, नवे नांगर मांडून दाखवायचे, मासिक निघायचं, मेंढ्यांना बक्षिसं मिळायची. (बक्षीस मालकाला मिळत असणार, पण अंजलीनं भाषांतर असंच केलं.) मग नांगरावरून बोलणं नांगर धरणाऱ्यावर आलं. त्याच्याकडून वेठ घ्यावी, खंड घ्यावा, की जमीनच त्याच्या नावावर करावी, यावर ही मंडळी इतकी बोलली, इतकी बोलली, की रशियाच्या बादशहानं (राज्य तेव्हा त्याचं) चार वर्षं व्हायच्या आत मंडळच बंद करून टाकलं. हे सगळं बाईनं बागेतल्या बाकावर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं आणि म्हणाली, आपण इथे तसं मंडळ काढू. इथे जमीन कुणाकडे आहे? दाजी, सगळी फ्लॅटवाली माणसं, त्यांची जमीन म्हणजे कुंडी. आमचा रत्नदीप बोलून गेला, "माय फादर हॅज लँड." झालं. मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. पण आपल्या घरात जमीनदार हा शब्द तीन पिढ्या दुसऱ्यांसाठी वापरला, तोही उभं राहून, आणि इथे कुणीतरी मला खुर्ची पुढे केली. मी बसलो. (प्लास्टिकची होती, पण बसलो.) जमीन म्हणजे दोन एकर मुरूम, आणि तोही तुम्ही निमबटाईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर करता, हे सांगायचं राहून गेलं.

मग बाई म्हणाली, तुमच्या इस्टेटीवरची एखादी सुधारणा आम्हाला करून दाखवा. मला दुसरं काय सुचणार? मी शेततळं केलं. वाफ्याच्या एका कोपऱ्यात खड्डा खणला, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचं अस्तर घातलं, अगदी आपल्याकडे घालतात तसं, कडेला माती दाबली. ज्या गावात रोज दुपारी आभाळ फुटतं तिथे पाणी साठवून काय करायचं, हा विचार मनात आला होता. पण दाजी, भरलेलं तळं दिसलं की आपल्या माणसाचा विचार तिथेच थांबतो. हात मागे बांधून मी त्याच्याभोवती फिरत होतो. आठवड्यानं सरकारी माणूस टॉर्च आणि काचेची नळी घेऊन आला आणि माझ्या तळ्यात डासांच्या अळ्या सापडल्या. या देशात साठलेलं पाणी म्हणजे जवळजवळ खून. अंजलीनं कपाळावर हात मारला, "बाबा, इथे लोक कुंडीखालच्या बशीतसुद्धा पाणी ठेवत नाहीत, आणि तुम्ही धरण बांधलंत?" साऱ्या बागेला ताकीद मिळाली. बागेचे प्रमुख अंकल लिम माझ्याकडे न बघता म्हणाले, "सो बिग लँडलॉर्ड, दिस ऑल्सो डोन्ट नो, आह?" त्यांनी वाफा काढून घ्यायचं ठरवलंच होतं. हालीना बाई मधे पडली. हा माणूस कोरड्या इस्टेटीवरचा आहे, म्हणाली, रविवारी आपण व्हिडिओवर ती इस्टेट बघू आणि मग ठरवू. तिनं मला वाचवलं असं तिला वाटतं.

अक्काला आणि मुलांना जयभीम सांगा. तब्येतीला जपा.

तुमचा,
यादव

ता. क. – रविवारी इथले दहा म्हणजे तुमचे सकाळचे साडेसात. रानात असे उभे राहा की मागे शेजाऱ्याचा ऊस दिसेल. ऊस कुणाचा हे आपण होऊन सांगू नका. तुमची ओळख काय सांगायची, असं अंजलीनं विचारलं. 'बहिणीचे यजमान' म्हटलं की इस्टेट एकदम लहान दिसते, म्हणून मी 'आमचा माणूस' म्हटलंय. रागावू नका, इंग्रजीत ते तितकं वाईट ऐकू येत नाही.

ता. क. २ – त्या वेळी अक्काला दळणाला पाठवा. माझं मंडळ बंद करायला बादशहा लागणार नाही.

ता. क. ३ – पाकीट चिकटवत होतो तोच हालीना बाई दारात आली. म्हणाली, आमच्या मंडळाची चूक हीच झाली की मालकच बोलत राहिले, राबणाऱ्याला कुणी विचारलं नाही. म्हणून रविवारी मी गप्प बसायचं आणि तुम्ही बोलायचं. ती एकच प्रश्न विचारणार आहे: तुमचा मालक कसा आहे? अंजली शब्दाला शब्द भाषांतर करील, पोरगी काही झाकत नाही. दाजी, तुम्ही काय सांगणार ते आधी फोनवर कळवा. नको, कळवू नका, कळलं तर मी खाली उतरणारच नाही. इतक्या वर्षांत एकदा तरी मी तुम्हाला 'औंदा पीक कसं आहे' असं विचारलं होतं का, ते बसल्या बसल्या आठवतोय. मला आठवत नाही. तुम्हाला आठवलं तर तेवढंच सांगा.