दोन ठोके पडले की बंद करावे

मी, कौशल्या नत्थुजी तिडके, वय बहात्तर (आधार कार्डावर कमी दाखवले आहे, ते चूक आहे), धंदा शेती, राहणार मौजे बोरखेडी खुर्द, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नाही आणि कोणाच्या धाकाने तर नाहीच, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे हृदय थकले आहे, डोके थकलेले नाही. डॉक्टर वर्षाली यांनी मला तपासून तसा दाखला जोडला आहे. मी बोलत गेले आणि मूर्तिजापूरच्या तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस योगेश यांनी घरी येऊन लिहून घेतले. भाषा त्यांनी सुधारावी, मतलब सुधारू नये, असे आमचे ठरले आहे.

हे लिहिण्याची घाई एका गोष्टीमुळे. आमच्या गोठ्यात धान्य वाळवायचे चाकावरचे यंत्र उभे आहे. घरात आम्ही त्याला ड्रायर म्हणतो. माझा मोठा मुलगा श्याम, जो नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात नोकरीला आहे, त्याने ते भंगारात द्यायचे ठरवले आहे. भंगारवाला येऊन पाहूनही गेला. माझे डोळे मिटायची तेवढी वाट आहे. ते यंत्र विकले जाऊ नये म्हणून हा सारा कागद आहे.

कलम एक. शेत. माझ्या पतीने हयातीतच माझ्या नावे करून दिलेल्या शेतापैकी नाल्याकडचा तुकडा श्यामला आणि घराजवळचा तुकडा पौर्णिमाला मिळावा. पौर्णिमा माझी धाकटी सून, किशोरची बायको. किशोर आता नाही, ते पुढे येईल. दोन्ही तुकड्यांची माती सारखीच काळी आणि सारखीच चिकट आहे, तेव्हा कोणी तोंड वाकडे करू नये. उत्तरेकडचा शेजारी दरवर्षी नांगरताना आमचा धुरा, म्हणजे बांध, थोडाथोडा खातो. मी बांधावर उभी राहून ओरडत होते म्हणून थोडा खात होता. माझ्या मागे लगेच मोजणी आणावी, नाहीतर तो विहिरीपर्यंत येईल.

कलम दोन. घर दोघांचे. समोरची खोली श्यामची, मागची पौर्णिमाची, स्वयंपाकघर जी चूल पेटवील तिचे. श्यामची बायको माया हिने लग्नघरात पाहिजे म्हणून नेलेले पितळेचे गंगाळ तिच्याकडेच राहू द्यावे. मागितले तर ती देणार नाही आणि न मागितल्याचे पुण्य आपल्याला मिळेल. माझ्या गळ्यातली पोत किशोरच्या मुलीला, प्रणालीला. तिच्या लग्नात देऊ नये. ज्या दिवशी ती ट्रॅक्टर घेऊन पांदणीच्या चिखलवाटेने शेतात जाऊन परत येईल, त्या दिवशी द्यावी.

कलम तीन. ड्रायर कसा आला. एका वर्षी दसरा झाला तरी पाऊस हटेना. कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीला जागच्या जागी कोंब फुटले. मी पदर डोक्यावर घेऊन त्या हिरव्या सुडीकडे पाहत उभी होते आणि किशोर म्हणाला, “आई, आता उन्हाच्या भरवशावर नाई राहाचं.” मग आम्ही तिघे, तो, पौर्णिमा आणि मी, अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात गेलो. किशोर म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पहिल्याच मोठ्या यंत्रावर त्याचा जीव गेला. पौर्णिमाने विकणाऱ्याला विचारले, “दादा, हे पांदणीनं जाईन का?” तो म्हणाला, “ताई, रोडने कुठेही जाईल.” ही म्हणाली, “रोडवर कोन सोयाबीन पेरते?” आजूबाजूचे सगळे हसले. किशोरही हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या यंत्रात जाळाचा धूर सरळ दाण्यातून जात होता. पौर्णिमाने मूठभर दाणे घेऊन हुंगले आणि माझ्या नाकाजवळ धरले. डिझेलचा वास होता. तिसरे लहान होते. त्याची चाके रुंद होती, जाळ वेगळ्या पेटीत होता आणि दाण्याला नुसती गरम हवा लागत होती. शेवटी गार हवा मारायचीही सोय होती. गरम दाणा पोत्यात भरला की त्याला घाम येतो आणि सारी मेहनत मातीत जाते, हे तिला ठाऊक होते. आम्ही ते घेतले. त्याचे सगळे हप्ते फिटले आहेत आणि त्यावर कोणाचा बोजा नाही.

यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडून त्याच्याच ताकदीवर चालते. पौर्णिमा ट्रॅक्टरवर बसायची, किशोर मागे दाण्याकडे बघायचा. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून त्याने खूण ठरवली होती. पान्याने यंत्राच्या पत्र्यावर एक ठोका म्हणजे चालू दे, दोन ठोके म्हणजे बंद कर. गावोगाव त्यांना बोलावणी येऊ लागली. बियाण्याचे सोयाबीन असले की ती दोघे मंद आचेवर तासन्‌तास काढायची, कारण जास्त ताव लागला तर दाणा दिसतो सुंदर पण उगवत नाही. इतका जीव लावून काम करणारी माणसे मी फार पाहिली नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. आता लिहून ठेवते.

कलम चार. जे झाले ते. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे दुपट्टा, टोपी आणि नारळ. ड्रायर ज्या शेतात पहिल्यांदा जाई तिथला मालक यंत्रापुढे नारळ फोडी आणि किशोरच्या गळ्यात नवा दुपट्टा घाली. मानाचा दुपट्टा देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत उतरवत नाहीत. किशोर काहीतरी निमित्त काढून ट्रॅक्टरमागे जायचा, दुपट्टा सीटवर ठेवायचा आणि मगच काम सुरू करायचा. त्या दिवशी यंत्र माझ्या माहेरी, पिंपळखुट्याला, माझा धाकटा भाऊ ओमप्रकाश याच्या शेतात गेले होते. ओमप्रकाशने दुपट्टा घातला. किशोर काढायला लागला तर तो म्हणाला, “राहू दे रे भाच्या, मामाचा मान हाये.”

ट्रॅक्टरकडून यंत्राकडे येणाऱ्या फिरत्या दांड्यावर प्लास्टिकचे कव्हर असते. ते आदल्या दिवशी पांदणीत आपटून तडकले होते. किशोरने काढून घरी ठेवले होते. “आज काम काढून घेऊ, उद्या मूर्तिजापूरहून नवं आनतो,” असे तो मला सांगून गेला होता. तो दांड्यावर वाकला आणि दुपट्ट्याचे टोक दांड्यात गेले. पुढचे मी लिहवून घेत नाही.

एक मात्र लिहायचे आहे. पौर्णिमाची पाठ तिकडे होती. तिला पत्र्यावर दोन ठोके ऐकू आले, म्हणून तिने बंद केले आणि उतरून मागे गेली. किशोरचे हात रिकामे होते. पाना ट्रॅक्टरच्या पेटीत होता, तिच्या पायाशी. ओमप्रकाश पलीकडे, नारळाची भकले हातात घेऊन उभा होता. ठोके कोणी दिले, हे आजवर कोणाला सांगता आलेले नाही.

कलम पाच. त्यानंतरचे. यंत्र घरी आले, गोठ्यात उभे राहिले, वर ताडपत्री पडली. दिवेलागणीला मी अंगणात बसते तेव्हा त्यातून दोन ठोके येतात. रोज येत नाहीत. ज्या दिवशी मी वाट पाहते त्या दिवशी तर येतच नाहीत. तापलेला पत्रा गार होताना वाजतो हे मला कळते, मी काही खुळी नाही. पण उन्हाचे दिवस गेले, माघाची थंडी पडली, महिनोन्‌महिने ज्या पत्र्याखाली जाळ नाही तो कशाने वाजेल? कधीकधी ताडपत्रीखालून भाजल्या सोयाबीनचा वास येतो. मी तिथूनच म्हणते, “बंद हाये रे बापा, बंद हाये.” मग वास जातो. मला भीती वाटते. आणि तो वास गेला की त्याहून वाईट वाटते.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. ‘त्या मशीनमंदी किशोर हाये’ म्हणून कोणी पौर्णिमाला कामाला बोलावेना. श्यामचे तेच म्हणणे. तो घरात उभा राहून म्हणाला, “आई, किशोरच सांगून राहिला ना, बंद करा म्हनून. मेलेल्या मानसाचं तरी आयका.” या बोलण्याला उत्तर पौर्णिमाने दिले. ती म्हणाली, “भाऊजी, तो बंद कर म्हने तवा मी बंद करत होतो. मंग पाहून घेत होतो काय झालं ते. मंग पुन्हा चालू करत होतो. कायमचं बंद कर असं तो कधीच नाई म्हनला.”

मागच्या हंगामात आमचेच सोयाबीन ओले राहिले. पौर्णिमाने अंगणात यंत्र काढले, नवे कव्हर बसवले आणि सुरू केले. शेजारची गंगूबाई कुंपणाजवळ येऊन म्हणाली, “काहून वं, भेव नाई लागत तुले?” पौर्णिमा म्हणाली, “लागते ना. पन सोयाबीन वलं हाये.” तासाभराने ठोके पडले. दोन. गंगूबाईने ऐकले, मी ऐकले. पौर्णिमाने बंद केले आणि जाळाची पेटी उघडली. आत साचलेले कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, धुमसत होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर यंत्र, गोठा आणि आम्ही सगळेच गेलो असतो. तिने कुटार ओढून काढले, पाणी मारले, पत्र्यावर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि पुन्हा चालू केले. त्या दिवसापासून मला कळले की माझा मुलगा काम थांबवायला आलेला नाही.

कलम सहा. म्हणून धान्य वाळवायचे यंत्र, ट्रॅक्टर, ताडपत्री, ओल मोजायचे मीटर आणि तो पाना, हे सर्व एकट्या पौर्णिमाचे. श्यामचा किंवा आणखी कोणाचा त्यावर हक्क नाही. भंगारवाला आला तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावा. यंत्राबरोबर माझे हे नियम जातील. कव्हरशिवाय दांडा फिरणार नाही, मग समोर कोणाचे कितीही धान्य ओले असो. फिरत्या यंत्राजवळ पदर खोचलेला आणि केस बांधलेले असतील. प्रत्येक खेपेनंतर कुटार झाडायचे. मानाचा दुपट्टा हातात घ्यायचा, गळ्यात नाही. देणाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा. राग उतरतो. आणि दोन ठोके पडले की बंद करावे. कोणी दिले हे विचारत बसू नये. उतरून पाहावे, आणि ठीक असले तर पुन्हा चालू करावे.

कलम सात. माझा भाऊ ओमप्रकाश. किशोर गेला तेव्हापासून मी त्याला दारात उभे केलेले नाही. माझा खरा राग कव्हर काढून ठेवणाऱ्यावर होता, पण मेलेल्या मुलावर रागावता येत नाही, आणि भाऊ जिवंत होता. दर भाऊबीजेला तो येतो, मारुतीच्या पारावर बसतो, माझ्यासाठी आणलेले लुगडे गंगूबाईच्या हाती देतो आणि ओवाळून न घेताच परत जातो. मी एकही लुगडे घेतले नाही. गंगूबाई ओरडते, “तुह्या भावाचे लुगडे माह्या पेटीत काहून ठेवू?” तरी ठेवते. प्रणालीला कितीदा म्हटले, मामाआजोबाला फोन लाव. लागला की मी हातानेच नको म्हणते. त्याचा आवाज ऐकून मला सहन होणार नाही. जिवंतपणी एवढे माझ्याने होत नाही, ते मेल्यावर व्हावे.

पहिले असे की माझ्या मागे पहिल्या हंगामात ड्रायर सर्वांत आधी ओमप्रकाशच्या शेतात, त्याच जागी जावा. गावाची भीती दुसऱ्या कशाने मोडणार नाही. नारळ त्यानेच फोडावा आणि दुपट्टा पौर्णिमाच्या हातात द्यावा.

दुसरे असे. आमच्यात बाई गेली की माहेरचे लुगडे तिच्या अंगावर पडते, आणि ते भाऊ घालतो. मी श्यामला बजावून ठेवले होते की ओमप्रकाशच्या हातचे कापड मला शिवता कामा नये. ते माझे बोलणे मी या कागदाने रद्द करते. योगेशराव इथे थांबून म्हणाले, “काकू, हे वाचेपर्यंत तुम्हाला नेलेलं असेल.” मी म्हटले, म्हणूनच तर गंगूबाईला साक्षीदार घेतली आहे. कागदाची वाट न पाहता तिने पिंपळखुट्याला निरोप द्यावा आणि ओमप्रकाश येईपर्यंत मला उचलू नये.

तो लुगडे हातात घेऊन अडून राहील. त्या दिवसानंतर त्याने कोणाच्याच अंगावर कापड घातलेले नाही, असे मी ऐकले आहे, पोटच्या मुलीच्या लग्नातही नाही. त्याला माझ्या वतीने सांगावे, की घाल, घाबरू नको. तेव्हा माझ्याजवळ काही फिरत नसेल.

वरील सर्व मला वाचून दाखवले, मी दोनदा ऐकले, एका जागी खोडायला लावले, आणि राजीखुशीने सही केली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी बरेच काही बोलले असेन, त्यातले काही धरू नये.

सही: कौशल्या नत्थुजी तिडके

स्थळ: बोरखेडी खुर्द, आमच्या अंगणात
दिनांक: २९ जानेवारी २०२५

लिहिणार: योगेश, अर्जनवीस, मूर्तिजापूर

साक्षीदार पहिली: डॉ. वर्षाली, मूर्तिजापूर (सही)

साक्षीदार दुसरी: गंगूबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा. अंगठा देताना त्या जे बोलल्या ते कौशल्याबाईंच्या सांगण्यावरून इथे लिहिले आहे: “लुगडे जपून हायेत. निरोप मीच घेऊन जातो.”