चढावर बंद पडणारी अँब्युलन्स

३ फेब्रुवारी २००९
डोळखांबची अँब्युलन्स तिसऱ्यांदा गॅरेजात. चढावर गरम झाली की बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. फिल्टर बदलला, टाकी धुतली. फरक नाही. ड्रायव्हर गणपत घुश्श्यात. "काका, काल आत बाळंतीण होती. तीनदा थांबलो रस्त्यात. तिला काय झालं असतं तर आमी काय तोंड दाखवलं असतं?" आई नि मुलगी दोघी सुखरूप. तरी जेवण गेलं नाही.

४ फेब्रु.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. अठ्ठावीस वर्षं असंच गाडीचं दुखणं शोधलं. उजवा कान जाऊन वर्ष होईल, आता डावाही गढूळ. सुमन सोडून कुणाला ठाऊक नाही. बायकोपासून काय लपणार!
गणपतला म्हटलं, आवाज बरोबर आहे. खरं म्हणजे आवाज कळलाच नाही. खोटं बोललो. तेही अँब्युलन्सबद्दल.

६ फेब्रु.
सुमनकरवी वंदनाला फोन. वंदना माझ्याच हाताखाली शिकली, आता मुरबाडला मुलांना मोटार दुरुस्ती शिकवते. उद्या येते म्हणाली, नवं यंत्र घेऊन.

७ फेब्रु.
आज बघितलं ते नीट लिहून ठेवतो.
यंत्र काडेपेटीपेक्षा जरासं मोठं. स्टिअरिंगखाली खोचलं, निळा दिवा लागला. वंदना लॅपटॉप घेऊन दहा पावलांवर बाकावर. मधे वायर नाही! मी मधल्या हवेतून दोनदा हात फिरवला. ती हसली. "दादा, वायर सापडायची नाय."
गणपतने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पडद्यावर आकडे पळाले. इंजिनाचे मिनिटाला फेरे ८००, १५००, २२००. पाणी किती तापलं, डिझेलचा दाब किती, सगळं. बॉनेट बंद आणि इंजिनाच्या पोटातलं दिसतंय! माझ्या कानाला नुसती घरघर, पण गणपतने पाय सोडला तो पडद्यावर मला दिसला. जवळ जाऊन पडद्याला बोट लावलं. तासभर हललो नाही. चहा निवला.

८ फेब्रु.
रिकामी गाडी घेऊन तिघं डोळखांबच्या रस्त्याला. लॅपटॉप माझ्या मांडीवर. अर्ध्या चढावर एक रेघ धाडकन शून्यावर, लगेच इंजिन बंद. वंदना म्हणाली, "क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प झाला की डिझेल बंद. बदलू या."
"आधी वायर बघू दे."
थंड झाल्यावर चालू केली, खाली झोपलो. सेन्सरची वायर लोखंडी पट्टीला घासून सोललेली, तापून मऊ झाली की टेकत असणार. चिमटीत हलवली. इंजिन बंद! वंदना लॅपटॉप घेऊन वाकली, "दादा, हीच!" तिचे ओठ बघून कळलं.
शहापूरला गॅरेजात परतल्यावर गणपत चहा सांगायला गेला तेव्हा तिने विचारलं, "कान कधीपासून?"
सगळं सांगितलं.
"गणपतला सांगा."
"गिऱ्हाईक तुटेल."
"तुटू दे. त्याच्या गाडीत आजारी माणसं असतात, दादा."

९ फेब्रु.
नवी वायर, पट्टीपासून लांब बांधली. चारदा चढ चढलो. रेघ पडली नाही. वंदनाने यंत्र नि लॅपटॉप आठ दिवस ठेवायला दिलंय. परतल्यापासून येईल त्या गाडीला लावून बघतोय, सुमन म्हणते वेड लागलंय.
गणपतला सांगायचं राहिलं.

१२ फेब्रु.
दुपारी अँब्यु. वरच्या पाड्यावर गेली. साप चावलेली बाई इकडे शहापूरच्या दवाखान्यात आणायची. दुरुस्तीनंतर पहिलीच फेरी पेशंटची.
दोन तासांनी गणपतचा फोन. कानात नुसती खरखर. गॅरेजात चार गिऱ्हाईकं. नेहमीसारखं "हो, हो" करून ठेवणार होतो.
"गणपत, मला ऐकू येत नाय रे! वर्ष झालं. जोरात बोल!"
चौघं वळून बघायला लागले. तिकडून तो ओरडला. "काका… चढ…" एवढंच कळलं. चढली की चढावर बंद पडली, कोण जाणे. मग लाइन गेली. उलट लावला, लागत नाही.
वही घेऊन रस्त्याकडेला बसलोय. चौघांतला एकही उठून गेलेला नाही. डोळखांबकडून अजून काही दिसत नाही.