ओकासानच्या घरातला नाच

ओकासान, म्हणजे आई. तुम्ही चालवत असलेल्या गेशांच्या, म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांना रिझवणाऱ्या कलावंतिणींच्या घरात सगळ्याच जणी तुम्हाला असंच म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. पुण्याहून जपानी शिकायला क्योतोला आलेली, तुमच्या माडीवर भाड्याने राहणारी मुलगी. गेशा व्हायला आलेली शेवटची शिष्या पंधरा वर्षांची होती. केसांची बांधणी मोडू नये म्हणून ती उंच लाकडी उशीवर मान टेकून झोपायची आणि सकाळी मान धरून रडायची. भाताचं पातेलं घासता घासता तुम्ही म्हणायचात, "रड, पण ताठ बसून रड."

एका हिवाळ्यात ती आईबापांकडे निघून गेली. त्याच संध्याकाळी तुम्ही मला खाली बोलावलंत. तुमच्या गुरूंनी फक्त तुम्हाला दिलेला एक नाच होता, आणि आता तो घ्यायला कुणी उरलं नव्हतं. "तू गेशा होणार नाहीस," तुम्ही म्हणालात, "पण तुझं अंग लक्षात ठेवेल ना?" मी हो म्हटलं. तुम्ही काही लिहू दिलं नाहीत, चित्रीकरण करू दिलं नाहीत. गुडघ्यांवरून उठताना तोल गेला की पोटरीवर मिटल्या पंख्याची टपली बसे. "पाय खोटं बोलतोय तुझा." पूर्ण नाच जमला त्या दिवशी तुम्ही तो पंखा माझ्या हातात ठेवलात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. घराचं हॉटेल झालं.

मी आता आयर्लंडमध्ये, लेटरकेनीत असते. नवरा इथे डॉक्टर आहे. गेल्या हिवाळ्यात गाडीतून उतरताना बर्फावर पडले आणि गुडघा बदलावा लागला. चालाल, गाडी चालवाल, पण गुडघे टेकून बसणं विसरा, असं सांगितलं. घरी आल्यावर मुलीला म्हटलं, "बस ना जरा, तुला एक नाच शिकवायचाय." ती बॅगेत खेळाचे बूट कोंबत होती. "आई, आय'म ग्रँड. आय हॅव ट्रेनिंग." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'राहू दे, नको'; रागाने नाही, सहज म्हणाली आणि गेली.

परवा घरात कुणी नव्हतं. सोफ्याला धरून मी उभ्यानेच सुरुवात करते. पहिला भाग येतो. मग डावा हात वर जातो आणि तिथेच थांबतो. पुढचा तुकडा काही केल्या आठवत नाही. विचारू कुणाला? हे ठाऊक असलेलं माणूसच जगात नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, म्हणून खरं ते लिहिते. विसरलेला मधला भाग मी मनाने रचून घातला. आणि आता तुमचा नाच कुठे संपतो, माझा कुठे सुरू होतो, ते मला सांगता येत नाही.