कस्तुराबाईंचा टँकर आणि आमची शिळी वेळ

औरंगाबाद, ६ मे २०१६

तीर्थरूप मुंजाबा मामांस,

अजिनाथचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मामींचा गुडघा कसा हाय? शेळ्यांना पाणी पुरतं का? मी बरा हाय, फक्त चार दिवस खुर्चीला बूड टेकलेलं नाय.

मामा, आमचं ऑफिस टँकरच्या वेळा मोबाइलवर दाखवतं. हर्सूलपल्याड शहर लई वाढलं (परवा ज्वारी होती तिथं आज तीन मजले), पण नळ काही तिथवर गेला नाय. त्यात विहिरी आटल्या, म्हणून टँकरच्या वेळा रोज बदलतात. मंगळवारी तिथल्या कस्तुराबाईंनी रिकामा हंडा थेट माझ्या टेबलावर आदळला. "मोबाइल म्हणतो दहा. टँकर आला सातला. आम्ही हापशावर, तवर टँकर पसार. तिसऱ्यांदा! चाळीस घरं कोरडी हायत, बाळा."

डेटाबेसात, म्हंजी आमच्या वेळांच्या मूळ वहीत बघितलं, तर सात. त्यांच्या मोबाइलवर दहा. आमचे साहेब सुदर्शनराव म्हणाले, "मोबाइल जुना असंल." बाईंनी असं बघितलं की साहेबांनी स्वतःचा काढला. त्यातबी दहाच!

मग कोड खोदत बसलो (बसलो म्हणजे उभ्यानंच). आमच्या प्रोग्राममधला वेळ दाखवणारा भाग एकदा वाचलेल्या वेळेची नक्कल जवळ ठेवायचा, दरवेळी डेटाबेसाला विचारायला नको म्हणून. खरी वेळ बदलली तरी दाखवायची नक्कलच! अन् डेटाबेसाला विचारलं तर पापणी लवायच्या आत उत्तर येतं. कोण्या शहाण्यानं ही सोय केली, देव जाणे. सगळी काढून टाकली.

कस्तुराबाईंचा इश्वास बसंना. दुसऱ्या दिवशी मलाच वसाहतीत उभं केलं. मोबाइलवर साडेआठ. मी आठपास्नं येरझाऱ्या घालतोय. साडेआठ झाले, टँकर नाय. आठ पस्तीस, नाय. बाया माझ्याकडं बघतायत, शर्ट घामानं चिंब. आठ चाळीसला फाट्यावर हॉर्न वाजला अन् हंडा घेऊन सगळ्यांच्या आधी मीच पळालो! बाईंनी पहिला तांब्या मला पाजला, अन् माझं गाव, मामा, सगळं विचारून घेतलं.

आपला भाचा,
अजिनाथ

ता.क. तो शहाणा मीच. गेल्या वर्षी त्याच सोयीपायी साहेबांनी मला शाल घातली होती. त्यांना अजून आठवलेलं नाय.

आणखी ता.क. पुढच्या रविवारी कस्तुराबाई कन्नडला तुमच्याकडं येतायत. त्यांची नात प्रांजली लग्नाची हाय. पोरगा कसा, म्हणून विचारतील. कामाचा हाय म्हणा, निर्व्यसनी म्हणा. फक्त "चूक झाली तर कबूल करतो" एवढं म्हणू नका. त्या लगेच विचारतील, "कोणती?"