आई कामाला जात होती

रहाटणी,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. इंदुताईस,

निरंजनचा नमस्कार. भाऊजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. इकडे तुझी भावजय दिपाली बरी आहे. आईचं विचारशील, म्हणूनच फोन न करता लिहितोय. फोनवर तू मध्येच ओरडशील आणि मी अर्धं गिळून टाकीन.

बाबा गेल्यावर मी आईला औशाहून आणलं, तेव्हा तू म्हणालीस, "तिला काही कमी पडू देऊ नकोस." नाही पडू दिलं गं. वेगळी खोली दिली, स्वयंपाकाला बाई ठेवली. औषधाच्या वेळा, साड्यांचे रंग, सगळं मीच ठरवलं. वर्षभरात ती वाळली. झोप नाही, जेवण नाही. तीन डॉक्टर झाले, कुणाला काही सापडलं नाही. मग या उन्हाळ्यापासून ती अचानक सुधारली. संत तुकाराम नगरात भजनाला जाते म्हणून सकाळी निघायची, चारला परतायची. मी सगळ्यांना सांगत सुटलो, गोळ्या लागू पडल्या.

गेल्या महिन्यात कामासाठी चाकणच्या एका कंपनीत गेलो होतो. दुपारी त्यांच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा होतो, तर आतून आवाज आला, "अगं मिनल, गॅस बारीक कर, फोडणी जळायली!"

ताट माझ्या हातातून खाली पडलं. डोक्याला टोपी, अंगात अ‍ॅप्रन. आपली आई! सहा-सात बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "दुसरं ताट घ्या साहेब. मागं लाइन लागलीय."

मी जेवलो की नाही, आठवत नाही.

संध्याकाळी घरी मी म्हणालो, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात, मावशी, आमटी झकास झाली."

ताई, मी इथंच थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी कॅन्टीनच्या कंत्राटदाराला, हिंदुरावांना, फोन केला. सांगितलं, तिला फिट येतात, तव्यावर पडली तर जबाबदारी तुमची.

साफ खोटं. त्यांनी तिला काढलं.

"काय चुकलं माझं, कुणी सांगंना," एवढंच ती म्हणाली. मी समोर बसून चहा पीत होतो. बोललो नाही. तिचं जेवण पुन्हा सुटलं. तरीही बोललो नाही.

आठ दिवसांनी तिच्याबरोबर काम करणारी मिनल घरी आली. "मावशी, तुमाला फिट येतात व्हय? तुमच्या लेकानंच फोन केला म्हणं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, तेच उत्तर झालं.

"पगारासाठी जात नव्हते रे," ती म्हणाली. "तिथं बायका इचारायच्या, मावशी, मीठ किती घालू? तुझ्या घरात दोन वर्सांत मला कुणी कायच इचारलं न्हाई."

मला वाटायचं, तिला विश्रांती हवी. ताई, मी तिला अडगळ करून ठेवलं होतं.

सकाळी हिंदुरावांकडे जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, आईवर असलं बालंट?" पण त्यांनी तिला परत घेतलं. ही बातमी घेऊन आनंदानं घरी आलो, तर आई पिशवी भरत होती. मिनलच्या खोलीवर, चाकणला, निघाली होती. रागानं नव्हे. त्यानंच मी हादरलो. म्हणाली, "तू आणलंस म्हणून आले होते. आता माझं मी ठरवून चालले."

काल रजा काढून तिच्याकडे गेलो. अंगानं भरलीय, मिनलशी हसत होती. मला चहा दिला आणि विचारलं, "किती वेळ थांबणार? मला दुपारच्या पाळीला जायचंय."

दारात बूट घालताना मी म्हणालो, "आई, पुन्हा येऊ का?"

तिला असं मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेल. तिनं थोडा विचार केला.

"बघून सांगते," म्हणाली.

अजून सांगितलेलं नाही.

तुझा भाऊ,
आणि तिनं म्हटलं तर तिचा मुलगा,
निरंजन